वऱ्हाडातील जुन्या ट्रॅक्टरांची खरेदी-विक्री

वऱ्हाडातील जुन्या ट्रॅक्टरांची खरेदी-विक्री म्हणजे अमरावती, अकोला आणि लगतच्या जिल्ह्यांत वापरलेल्या शेती-ट्रॅक्टरांचा चालणारा व्यवहार. नव्या ट्रॅक्टरच्या किमती वाढत गेल्यामुळे आणि शेतजमिनीचे तुकडे लहान होत गेल्यामुळे कोरडवाहू शेतकऱ्यांपैकी अनेक जण पहिला ट्रॅक्टर जुनाच घेतात. जुन्या ट्रॅक्टरची बोलीची किंमत नव्याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी असू शकते. मात्र कर्जाचे व्याज, दुरुस्ती आणि मालकी हस्तांतराचा खर्च धरल्यावर हा फरक बराच आक्रसतो. कागदपत्रे अपुरी राहिल्यास व्यवहारातील जोखीम खरेदीदारापुरती न राहता विकणाऱ्यावरही येते.

पार्श्वभूमी

अमरावती विभागात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे येतात. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील जमीन खोल, काळी आणि चिकण आहे. कापूस, सोयाबीन, तूर आणि हरभरा ही येथील मुख्य पिके असून बहुतांश शेती पावसावर अवलंबून आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून जाणाऱ्या खारपाणपट्ट्यात भूजल खारे असल्याने विहिरीच्या पाण्यावर दुसरे पीक घेणे अवघड जाते. ट्रॅक्टरच्या व्यवहाराशी याचा थेट संबंध आहे. वर्षातून एकदाच येणाऱ्या उत्पन्नावर वर्षातून दोनदा हप्ता भरावा लागतो.

काळी जमीन ओली असताना ट्रॅक्टर शेतात घालता येत नाही आणि पूर्ण वाळली की तिला भेगा पडतात. पेरणीयोग्य वाफसा मिळतो तो थोड्याच दिवसांचा. पूर्वी नांगरणी, वखरणी, तिफणीने पेरणी आणि डवरणी ही कामे बैलजोडीवर होत असत. चाऱ्याची टंचाई आणि सालदार मिळण्यातील अडचण यांमुळे बैलजोड्या कमी झाल्या. नांगरणी, रोटाव्हेटर, पेरणी, मळणी आणि कापसाची वाहतूक ही कामे ट्रॅक्टरकडे गेली. डवरणी मात्र अनेक ठिकाणी अजून बैलांवरच होते, कारण मोठा ट्रॅक्टर उभ्या पऱ्हाटीत चालत नाही. त्यासाठी महिंद्रा युवराज २१५ सारखे १५ अश्वशक्तीच्या आसपासचे लहान ट्रॅक्टर वापरले जातात.

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर होती. एवढ्या क्षेत्रावर ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला वर्षाकाठी मोजक्याच तासांचे काम मिळते. म्हणून ट्रॅक्टर घेणारा शेतकरी गावातील इतरांची कामेही भाड्याने करतो, आणि हप्ता प्रामुख्याने या भाड्यावर फिटेल असा त्याचा हिशेब असतो.

बाजारात दिसणारी यंत्रे

भारतात ट्रॅक्टरचे उत्पादन आयशरने १९५९ मध्ये फरिदाबाद येथे सुरू केले. पुढील दीड दशकात मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर बनवणारी टॅफे, इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून बी-२७५ हे मॉडेल आणणारी महिंद्रा, एस्कॉर्ट्स, हिंदुस्थान मशीन टूल्स (एचएमटी) आणि पंजाब ट्रॅक्टर्स या कंपन्या या क्षेत्रात आल्या. पंजाब ट्रॅक्टर्सचा पहिला स्वराज ट्रॅक्टर १९७४ मध्ये बाजारात आला. ही कंपनी २००७ मध्ये महिंद्राने ताब्यात घेतली. महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना नागपुरातही आहे. जॉन डिअरचे उत्पादन पुण्याजवळील सणसवाडी येथे होते.

एखाद्या कंपनीचे पुढे काय झाले, यावर तिच्या जुन्या ट्रॅक्टरचे मोल ठरते. केंद्र सरकारने २०१६ मध्ये एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास मान्यता दिली. त्यानंतर या दणकट यंत्रांचे सुटे भाग मिळवणे उत्तरोत्तर कठीण होत गेले. याउलट ज्या मॉडेलचे इंजिन आणि गिअरपेटी वर्षानुवर्षे फारशी बदललेली नाही, त्याचे भाग तालुक्याच्या दुकानात मिळतात आणि ते उघडणारा मिस्त्रीही जवळ असतो. असे मॉडेल जुने झाले तरी किंमत धरून राहते.

नव्या ट्रॅक्टरची किंमत

२०२० च्या दशकाच्या मध्यास ४० ते ५० अश्वशक्तीच्या नव्या ट्रॅक्टरची किंमत मॉडेलनुसार साधारणपणे साडेसहा ते नऊ लाख रुपयांच्या दरम्यान होती. यात नांगर, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र आणि ट्रॉली धरलेली नाही. पोलाद, रबर आणि सुटे भाग यांचे वाढते दर, तसेच पॉवर स्टिअरिंग, तेलातील ब्रेक आणि अधिक गिअर यांसारख्या सोयी, ही वाढीची प्रमुख कारणे आहेत. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना उत्सर्जनाचे कडक निकष (ट्रेम-४) लागू झाले. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची इंधन यंत्रणा बसवावी लागल्याने त्या गटातील किमती वाढल्या. वऱ्हाडात जास्त चालणारे ट्रॅक्टर ५० अश्वशक्तीच्या आतले असल्याने या बदलाची थेट झळ येथे कमी बसली.

२२ सप्टेंबर २०२५ पासून शेती-ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरचे टायर आणि अनेक सुटे भाग यांवरील करही १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. करापूर्वी सात लाख किमतीच्या ट्रॅक्टरवर यामुळे ४९ हजार रुपये वाचतात. या बदलाला दुसरी बाजूही आहे. जुन्याची बोली नेहमी नव्याच्या किमतीकडे पाहून लावली जाते. त्यामुळे कर उतरण्याच्या थोडे आधी चढ्या भावाने जुना ट्रॅक्टर घेतलेल्याच्या यंत्राचे मोल काही न बिघडताच कमी होते.

अनुदान

केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून (२०१४-१५ पासून) आणि राज्य पुरस्कृत योजनेतून ट्रॅक्टरला अनुदान मिळते. महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि अल्प व अत्यल्प भूधारकांसाठी कमाल मर्यादा १ लाख २५ हजार रुपये आणि इतरांसाठी १ लाख रुपये अशी होती. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील बचत गटांना सामाजिक न्याय विभागाकडून ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर व उपसाधने ९० टक्के अनुदानावर मिळतात. अनुदानाची मर्यादा ३ लाख १५ हजार रुपये आहे.

जुन्या ट्रॅक्टरला यांपैकी काहीही मिळत नाही. म्हणजे ज्याच्याजवळ नव्या ट्रॅक्टरसाठी स्वतःचा हिस्सा उभा करण्याइतके पैसे नाहीत, तोच अनुदानाबाहेर राहतो.

जुना ट्रॅक्टर कोठून येतो

सर्वात सरळ व्यवहार गावातल्या गावात किंवा नात्यागोत्यात होतो. ट्रॅक्टर कोणी चालवला, त्याने कोणत्या शेतात काम केले, इंजिन कधी उघडले, हे खरेदीदाराला ठाऊक असते. दुसरा मार्ग विक्रेत्यांकडील बदलीचा. नवा घेताना जुना दिला की तो विक्रेत्याच्या आवारात उभा राहतो आणि रंगरंगोटी होऊन पुन्हा विकला जातो.

तिसरा मार्ग वित्त कंपन्यांच्या लिलावाचा. हप्ते थकल्यावर ताब्यात घेतलेले, गावच्या भाषेत ‘ओढून नेलेले’, ट्रॅक्टर कंपनीच्या आवारात जमा होतात आणि लिलावात निघतात. हे ट्रॅक्टर वयाने लहान असतात, त्यामुळे वरकरणी सौदा आकर्षक वाटतो. पण हप्ता थकवणाऱ्याने तेल बदलणे आणि सर्व्हिसिंगही बरेचदा थांबवलेले असते. शिवाय लिलावातील यंत्र ‘आहे त्या स्थितीत’ विकले जाते. मागाहून तक्रार करण्यास फारसा वाव राहत नाही.

परराज्यातून येणारे ट्रॅक्टर हा आणखी एक प्रवाह आहे. अशा यंत्राला मूळ नोंदणी कार्यालयाचे नाहरकत प्रमाणपत्र नसेल तर त्याची स्थानिक नोंदणी होत नाही.

पारख

जुन्या ट्रॅक्टरचे वय सालावरून सांगितले जाते. त्याची झीज मात्र चाललेल्या तासांवर ठरते. तासांचे मीटर बंद किंवा बदललेले असणे इतके सामान्य आहे की जाणकार त्याकडे पाहतही नाहीत. ते सकाळी इंजिन थंड असताना ट्रॅक्टर सुरू करायला सांगतात, कारण आधीच तापवून ठेवलेले झिजके इंजिनही सहज सुरू होते. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळते. तेल भरायचे झाकण काढल्यावर आतून धापा टाकल्यासारखा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि लायनर झिजलेले असतात. रोटाव्हेटर किंवा नांगर उचलून इंजिन बंद करून ठेवतात. तो लगेच खाली बसू लागला तर हायड्रॉलिकमध्ये दोष असतो. रोटाव्हेटरवर जास्त चाललेल्या ट्रॅक्टरचे क्लच आणि पीटीओ आधी जातात, तर ट्रॉलीवर चाललेल्याचे ब्रेक आणि टायर.

मागच्या टायरांची जोडी हा मोठा खर्च असतो. त्यामुळे नवे टायर असलेला ट्रॅक्टर आणि झिजलेल्या टायरांचा ट्रॅक्टर यांच्या किमतींची तुलना टायरचे पैसे वजा करूनच करावी लागते. नवा रंग पाहून किंमत वाढवणे हा या बाजारातील सर्वात जुना प्रकार आहे.

बिघाडाचा खरा खर्च मिस्त्रीच्या बिलात दिसत नाही. जूनमध्ये वाफसा आला असताना ट्रॅक्टर आठ दिवस गॅरेजमध्ये राहिला तर मालकाची पेरणी लांबते आणि ज्यांची कामे त्याने घेतलेली असतात ते दुसऱ्याचा ट्रॅक्टर बोलावतात. त्या हंगामाचे भाडे पुन्हा मिळत नाही.

कर्ज आणि हप्ता

नव्या ट्रॅक्टरसाठी बँका व वित्त कंपन्या दीर्घ मुदतीचे कर्ज देतात. जुन्यासाठी मुदत कमी आणि व्याजदर जास्त असतो, कारण तारण असलेले यंत्र लवकर झिजते आणि ते विकून वसुली होण्याची खात्री कमी असते. पुढील आकडेमोड केवळ उदाहरणादाखल आहे. नव्या ट्रॅक्टरसाठी ६ लाख रुपये वार्षिक १२ टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतले, तर सहामाही हप्ता सुमारे ८१,५०० रुपये येतो आणि एकूण परतफेड ८ लाख १५ हजारांच्या आसपास जाते. जुन्यासाठी ३ लाख रुपये १८ टक्के दराने तीन वर्षांसाठी घेतले, तर सहामाही हप्ता सुमारे ६६,९०० रुपये येतो आणि एकूण परतफेड ४ लाखांच्या थोडी वर जाते. कर्ज निम्मे असले तरी हप्ता निम्मा होत नाही. तो १५ हजारांनीच कमी होतो.

२०२४-२५ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये आणि सोयाबीनचा ४,८९२ रुपये होता. या दराने वरील नव्या ट्रॅक्टरच्या एका हप्त्याला सुमारे ११ क्विंटल कापूस किंवा १७ क्विंटल सोयाबीन लागते. जुन्याच्या हप्त्याला सुमारे ९ क्विंटल कापूस किंवा १४ क्विंटल सोयाबीन. बाजारभाव हमीभावाखाली गेला की हे प्रमाण वाढते.

ट्रॅक्टरचे कर्ज पीककर्जाहून वेगळे असते, हा भेद कर्जमाफीच्या वेळी अनेकांच्या ध्यानात येतो. राज्याची २०१९ ची महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना अल्पमुदत पीककर्ज आणि त्याच्या पुनर्गठनापुरती होती. वित्त कंपनीकडून घेतलेले ट्रॅक्टरचे कर्ज तिच्यात बसत नव्हते.

कागदपत्रे आणि जबाबदारी

जुन्या ट्रॅक्टरच्या व्यवहारात सर्वाधिक दुर्लक्षिला जाणारा भाग हाच आहे. इसार देऊन, मुद्रांक कागदावर करारनामा करून आणि नोटरीची सही घेऊन व्यवहार पूर्ण झाला असे मानले जाते. कायद्याच्या दृष्टीने तसे होत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यांतर्गत विक्रीची माहिती विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला द्यावी लागते. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० भरतात. कर्ज फिटलेले असल्यास बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ आणि दुसऱ्या नोंदणी कार्यालयाच्या हद्दीत न्यायचे असल्यास नमुना २८ चे नाहरकत प्रमाणपत्र लागते. अमरावतीचा नोंदणी संकेतांक एमएच-२७ आणि अकोल्याचा एमएच-३० आहे.

याच अधिनियमात ‘मालक’ म्हणजे ज्याच्या नावे वाहनाची नोंदणी आहे तो, अशी व्याख्या आहे. ६ फेब्रुवारी २०१८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, वाहन प्रत्यक्षात विकले असले तरी नोंदणी पुस्तकावर नाव कायम असेल, तर अपघाताच्या भरपाईसाठी त्या नावाचीच व्यक्ती मालक धरली जाईल. त्या प्रकरणातील वाहन एकामागून एक अनेक हातांत गेले होते आणि नोंदणी मात्र पहिल्याच्याच नावे होती. ट्रॅक्टरच्या बाबतीत ही स्थिती नेहमीची आहे. विमा संपलेला असेल आणि ट्रॉलीखाली कोणी सापडले, तर ट्रॅक्टर चार वर्षांपूर्वी विकून मोकळा झालेला शेतकरी भरपाईच्या दाव्यात ओढला जातो.

खरेदीदाराचीही अडचण कमी नसते. नाव न बदललेल्या ट्रॅक्टरवर कर्ज मिळत नाही, विम्याचा दावा अडतो आणि पूर्वीच्या मालकाचा बोजा शिल्लक असेल तर वित्त कंपनी यंत्र ताब्यात घेऊ शकते. वाळू किंवा मुरमाच्या अवैध वाहतुकीत पकडलेल्या वाहनावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली जप्ती व दंडाची कारवाई होते. असा दंड थकलेला आहे का, हे तहसील कार्यालयात विचारून घेणे शहाणपणाचे ठरते. इंजिन आणि चॅसिस क्रमांक नोंदणी पुस्तकाशी जुळवून पाहणे ही पहिली पायरी आहे. वाहन प्रणालीवर नोंदणीची मुदत, विमा आणि बोजा यांची माहिती मिळते. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते आणि पुष्कळदा ती केलेलीच नसते.

शेती-ट्रॅक्टर हे परिवहनेतर वाहन असल्याने त्याची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. तपासणीनंतर ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. दहा वर्षांनंतर ट्रॅक्टर सक्तीने भंगारात काढावा लागणार, अशी अफवा पसरली होती. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२३ मध्ये तिचे खंडन केले. अशा अफवेच्या काळात चालू स्थितीतला ट्रॅक्टर घाबरून स्वस्तात विकणाऱ्याचा तोटा होतो, आणि घेणाऱ्याचा लाभ. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवणे बंधनकारक करण्यात आले असून जुने ट्रॅक्टरही त्यात येतात. ही पाटी नोंदलेल्या मालकाच्या माहितीवर मागवावी लागते. त्यामुळे तीन-चार हात बदलूनही नाव न बदललेल्या ट्रॅक्टरच्या धारकाला मूळ मालकाचा शोध घेणे भाग पडते.