टोपली आणि टकटक

आमच्या गिरगावच्या चाळीत भाजीवाला आला की आई तिसऱ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायची. जाताना तिच्यात सुटे पैसे असायचे, येताना मेथीची जुडी. सिंगापूरला संसार थाटल्यावर शेजारच्या चिनी आजींनी त्यांच्या लहानपणची गोष्ट सांगितली, तेव्हा मला ती टोपलीच डोळ्यांपुढे दिसली. चायनाटाऊनमध्ये खाली दुकान आणि वर बिऱ्हाडं अशा घरात त्या वाढल्या. रात्री रस्त्यावरून बांबूच्या तुकड्यांची टकटक ऐकू आली की त्यांची आईही टोपली सोडायची. वर यायचा नूडल्सचा वाफाळता वाडगा.

गाडी कोपऱ्यावर उभी असायची आणि गाडीवाल्याचा पोऱ्या बांबू वाजवत गल्ल्या पालथ्या घालायचा. कुणाला काय हवं ते तोच विचारायचा, वाडगे पोचवायचा आणि खाणं आटोपलं की रिकामे वाडगे गोळा करून न्यायचा. त्या आवाजावरूनच या नूडल्सना ‘टॉक टॉक मी’ म्हणू लागले. ‘मी’ म्हणजे गव्हाच्या पिवळसर नूडल्स. पापडाच्या पिठात आपण पापडखार घालतो, तसा यांच्या पिठातही खार असतो. त्यानेच पिवळेपणा येतो, पीठ चिवट होतं आणि उकळत्या पाण्यातही धागा गळून जात नाही.

हेच चिनी ‘मी’ भारतातून गेलेल्या मुसलमान फेरीवाल्यांच्या कढईत पडलं आणि ‘मी गोरेंग’ झालं. गोरेंग हा मलय शब्द. अर्थ, तळलेलं किंवा परतलेलं. बटाट्याच्या फोडी, अंडं, मोड आलेले मूग, मिरचीचं वाटण आणि टोमॅटोचा तांबडा रंग. लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरमध्ये ती बशी पहिल्यांदा पुढ्यात आली, तेव्हा चव ओळखीची वाटली, पण असा पदार्थ मी भारतात कुठेच खाल्ला नव्हता. तीन समाज एका रस्त्यावर पोट भरत होते, म्हणूनच तो जन्मला.

पण हा रस्ता सुखाचा नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर कामधंदा नव्हता. थोड्या भांडवलात उभा राहणारा धंदा म्हणून कितीतरी कुटुंबांनी चूल रस्त्यावर मांडली. नळ नव्हता; एकाच बादलीत दिवसभराचे वाडगे विसळले जायचे. खरकटं गटारात आणि गटारातून नदीत जायचं. टायफॉइड आणि कॉलरा यांची भीती खरी होती. १९६८-६९ मध्ये सरकारने बेटावरच्या फेरीवाल्यांची नोंदणी केली. सुमारे १८,००० जणांची नावं नोंदली गेली. १९७१ पासून त्यांच्यासाठी नळ, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेली हॉकर सेंटरं बांधली गेली आणि १९८६ पर्यंत रस्त्यावरची शेवटची गाडीही आत गेली.

आजींच्या गल्लीतले फेरीवाले १९८३ साली उभ्या राहिलेल्या चायनाटाऊन कॉम्प्लेक्समध्ये गेले. आज तिथे दोनशेहून अधिक गाळे आहेत. जुनी जागा सुटली की जुनं गिऱ्हाईकही सुटतं, हे दुःख अनेकांच्या वाट्याला आलं. तरी परवाना, पाणी आणि सवलतीचं भाडं मिळाल्याने हात चालू राहिले. १९३० च्या दशकात हिल स्ट्रीटवर सुरू झालेलं एक नूडल्सचं दुकान आता क्रॉफर्ड लेनमध्ये आहे, पण त्याच्या नावात हिल स्ट्रीट अजून आहे. २०१६ साली त्याला मिशलिनचा तारा मिळाला. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिलं.

दरवर्षी मुंबईला गेले की पालिकेची ‘गाडी आली!’ ही आरोळी ऐकू येते आणि फेरीवाल्यांची पळापळ दिसते. आपल्याकडे २०१४ पासून पथविक्रेत्यांसाठी कायदा आहे. पण मला वाटतं, फेरीवाल्याला हटवणं आणि त्याला जागा देणं यांतलं अंतर कायद्यापेक्षा एका नळाने आणि एका गटाराने ठरतं. सिंगापूरने रस्ता मोकळा केला, पण चूल विझू दिली नाही. आता मात्र चुलीपाशी उभे असलेले बरेच जण साठीच्या आसपास आहेत आणि बारा-बारा तास आचेपुढे उभं राहायला त्यांची मुलं तयार नाहीत. नळ आणि गाळा सरकार देऊ शकतं. हाताची सवय देऊ शकत नाही.

गेल्या महिन्यात आजींना घेऊन चायनाटाऊन कॉम्प्लेक्समध्ये गेले. रांगेत वीस मिनिटं उभं राहून ‘वाँटन मी’ या नूडल्स आणल्या. ‘ती टकटक नेमकी कशी होती?’ मी विचारलं. आजींनी दोन्ही चॉपस्टिक उचलल्या आणि टेबलाच्या कडेवर वाजवल्या. दोन लांब, तीन आखूड. पलीकडच्या टेबलावरच्या एका वृद्ध गृहस्थांनी खाणं थांबवून मान वर केली. ते काही बोलले नाहीत. त्यांनी आपल्या चॉपस्टिक घेतल्या आणि तीच लय पुन्हा वाजवली.