बापाची बॅट, लेकीच्या हाती

बापाची बॅट मुलाकडे जायची, ही आपल्याकडची जुनी रीत. सांगलीच्या मानधना घरातही वडील श्रीनिवास जिल्हा पातळीवर खेळले, मग मुलगा श्रवण खेळला. पण त्याचा खेळ बघून धाकट्या स्मृतीनेही बॅट धरली आणि घरच्यांनी ती काढून घेतली नाही. नवव्या वर्षी ती महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील संघात गेली. भाऊ तिला गोलंदाजी करायचा, आई स्मिता खाणंपिणं सांभाळायची.

२ नोव्हेंबर २०२५ ला आमच्या नवी मुंबईत, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिला विश्वचषक जिंकला. उपकर्णधार स्मृतीच्या त्यात ४५ धावा होत्या.

माळ्यावर मुलाची जुनी बॅट पडली असेल, तर भंगारात देण्याआधी लेकीला एकदा विचारा, खेळतेस का?