सुपारी चालते, मग सुगंधित सुपारीवर बंदी का? जाणून घ्या नियम, धोके आणि तक्रार कुठे करायची

जळगाव/धुळे : लग्नाची सुपारी फुटते, पूजेतही सुपारी लागते. त्यामुळे सुपारी वाईट असं आपल्याकडे सहसा कुणी मानत नाही. गावातल्या टपरीवर एक-दोन रुपयांना मिळणारी गोड, वासाची सुपारी शाळकरी पोरंही खातात. 'तिच्यात तंबाखू थोडीच असते?' असं घरचेही म्हणतात. पण महाराष्ट्रात ही पुडी विकणं बेकायदेशीर आहे.

बंदी नेमकी कशावर?

राज्यात जुलै २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आली. नंतरच्या आदेशांत सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, खर्रा आणि मावा यांचाही समावेश झाला. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ च्या कलम ३० नुसार अन्न सुरक्षा आयुक्त असा आदेश एका वेळी जास्तीत जास्त एक वर्षासाठी काढू शकतात. म्हणूनच दरवर्षी नवीन आदेश निघतो. 'बंदीची मुदत संपली' असं कुणी दुकानदार सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

बंदी फक्त विक्रीवर नाही. माल तयार करणं, साठवणं, वाहतूक करणं हाही गुन्हा आहे. नुसती साधी, वास न लावलेली सुपारी आणि विड्याचं पान मात्र या बंदीत येत नाही.

सीमेपलीकडून माल का येतो?

कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घालायला २०११ च्या केंद्रीय नियमांनी देशभर मनाई आहे. पण बिनतंबाखूचा पानमसाला मध्य प्रदेशात विकता येतो, महाराष्ट्रात नाही. रावेरहून बऱ्हाणपूर आणि शिरपूरहून सेंधवा जवळ असल्याने या दोन्ही रस्त्यांवर तपासणी महत्त्वाची ठरते. पानमसाला आणि तंबाखूच्या वेगवेगळ्या पुड्या घेऊन एकत्र केल्या की पुन्हा गुटखाच तयार होतो.

वास आणि रंगाचे नियम काय?

जिथे पानमसाला विकायला परवानगी आहे, तिथेही त्यात वाट्टेल ते घालता येत नाही. डांबरापासून बनवलेले कृत्रिम रंग चालत नाहीत. सॅफ्रोल, कौमारिन यांसारखे सुगंधी घटक कुठल्याच खाद्यपदार्थात वापरायला मनाई आहे. सॅकरिनसारख्या कृत्रिम गोडीला मर्यादा आहे. पाकिटावर आरोग्याला अपायकारक असल्याचा इशारा छापणं सक्तीचं आहे.

तंबाखू नसली तरी धोका आहेच

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीलाच कर्करोगकारक ठरवलं आहे. म्हणजे धोका मुळात सुपारीतच आहे. वास आणि गोडीमुळे तिचा तुरटपणा कळत नाही, लहान मुलांना चटक लागते आणि खाण्याचं प्रमाण वाढतं.

सतत सुपारी चघळल्याने गालाची आतली कातडी पांढरट आणि कडक होते. आधी तिखट झोंबायला लागतं, शेवभाजी-भरीतही खाववत नाही. मग हळूहळू तोंड उघडणं कमी होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील तर लगेच दातांच्या डॉक्टरांकडे किंवा सरकारी दवाखान्यात दाखवा. हा आजार कर्करोगाआधीची पायरी ठरू शकतो. सुपारी सोडली तर तो वाढण्याचा धोका कमी होतो, पण आखडलेलं तोंड पूर्ण पहिल्यासारखं होईलच असं नाही.

तक्रार कुठे करायची?

- अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र (टोल फ्री) : १८००-२२२-३६५
- केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरण : १८००-११२-१००
- तंबाखू सोडण्यासाठी मोफत सल्ला : १८००-११२-३५६

तक्रार करताना दुकानाचं ठिकाण, मालाचं नाव आणि वेळ सांगा. रिकामी पुडी फेकू नका, तिच्यावरचा बॅच नंबर आणि १४ अंकी परवाना क्रमांक तपासाला उपयोगी पडतो. कायद्याच्या कलम ४० नुसार ग्राहक स्वतः फी भरून खाद्यपदार्थ तपासून घेऊ शकतो. माल नियमाबाहेर निघाला तर फी परत मिळते.

शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला आणि १८ वर्षांखालील मुलांना ते द्यायला वेगळ्या कायद्याने बंदी आहे. शाळेजवळच्या टपरीवर असा माल दिसला तर शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामसभेतही विषय मांडा. आणि जेवणानंतर मुलांच्या हातावर काही द्यायचंच असेल, तर बडीशेप नाहीतर धनाडाळ द्या.