विषयपत्रिका कोणाची?



जो विषय पत्रिकेवर नाही त्यावर ठराव होत नाही, हे युनियनच्या कामात आम्ही फार लवकर शिकतो. डॉक्टरांच्या परिषदांचेही तसेच आहे. मुलांच्या मेंदूच्या व मज्जातंतूंच्या विकारांवर काम करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १९७३ साली स्थापन झाली. तिची पहिली परिषद १९७५ साली टोरांटोला भरली आणि २०१८ साली ती मुंबईत आली. अशा परिषदांत निबंधवाचनाबरोबर शिक्षणसत्रेही असतात. ती कोणती असावीत याबद्दल माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाने बोलावे की नाही, हा प्रश्न आहे. इतिहास पाहिला तर बोलावे, असे मला वाटते.

लिटल या इंग्रज शल्यवैद्याचे पाहा. लहानपणीच्या आजाराने त्याचे स्वतःचे पाऊल वाकडे झाले होते. ते १८३६ मध्ये जर्मनीत शस्त्रक्रियेने सरळ झाले. याच लिटलने १८६१ साली लंडनच्या प्रसूतिवैद्यांपुढे व्याख्यान देऊन सांगितले की, मुलांचे हातपाय ताठरण्याचे मूळ अवघड बाळंतपणात आणि जन्मवेळी गुदमरण्यात आहे. १८९७ साली व्हिएन्नाच्या फ्रॉइडने (होय, स्वप्नांचा अर्थ लावणारा तोच) शंका काढली: बाळाच्या मेंदूत आधीच दोष असल्यामुळे तर बाळंतपण अवघड होत नसेल? ही शंका फार दिवस बाजूलाच पडली. अखेर १९८६ साली अमेरिकेत नेल्सन आणि एलनबर्ग यांनी सुमारे चोपन्न हजार गर्भारपणांच्या नोंदींवरून दाखविले की, बहुतेक मुलांच्या बाबतीत केवळ जन्मवेळच्या गुदमरण्याने या विकाराचा उलगडा होत नाही. मधल्या नव्वदेक वर्षांत दोष कोणाच्या पदरात पडला? सुईणीच्या आणि बाळंतिणीच्या. आपल्याकडे जन्मवेळी गुदमरणे आणि नवजात बाळाची तीव्र कावीळ ही कारणे आजही आहेत, तेव्हा बाळंतपणाच्या सोयींची मागणी सोडायची नाही. पण त्यावरून घरच्या सुनेला बोल लावायचा नाही, हेही कोणीतरी शिकवायला हवे.

मुंबईत तर शिकवण्याचे काम आयांनीच अंगावर घेतले. मुलीला पोलिओ झाला म्हणून फातिमा इस्माईल यांनी १९४७ साली अपंग मुलांसाठी उपचारकेंद्र काढले. मिथू अलूर यांची मुलगी सेरेब्रल पाल्सीची. त्यांनी १९७२ साली स्पॅस्टिक्स सोसायटी उभी केली.

आता माझी सूचना. आमच्या गडहिंग्लज भागात हंगामाला ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. पोरेबाळे कोपीत राहतात, आईबाप पहाटे फडावर जातात. त्यातल्या एखाद्या पोराला फेफरे येत असेल, तर औषध चालू झालेले असते त्याच्या गावच्या दवाखान्यात. फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे आणि स्वस्तही आहे. पण ते एकाएकी तुटले तर झटके पुन्हा, आणि अधिक जोराने येऊ शकतात. हंगाम पाच-सहा महिन्यांचा आणि गोळ्या महिन्याच्या, असे झाले तर पुढचे काय? एका दवाखान्याची चिठ्ठी दुसऱ्या जिल्ह्यात कशी चालवावी, यावर एक पूर्ण सत्र ठेवावे. झटका आला असता पोराला कुशीवर वळवावे, तोंडात काही कोंबू नये, कांदा किंवा पायताण हुंगवत बसू नये, हे त्यात मराठीत सांगावे. त्या सत्राला टोळीचा मुकादम आणि दोन-चार आया बोलवाव्यात. खुर्च्या कमी पडल्या तर एखादा निबंध कमी वाचावा. आणि हे सत्र दसऱ्यापूर्वी ठेवावे. नंतर ही माणसे फडावर असतात.