पित्ताशयाचे ध्वनिचित्रण

यकृताच्या उजव्या खंडाखाली असणाऱ्या, सुमारे ७ ते १० सेंमी. लांबीच्या पित्तसंचयी पिशवीचे श्रवणातीत ध्वनितरंगांच्या परावर्तनापासून मिळणारे चित्र व त्यावरून तज्ज्ञाने लिहिलेला अहवाल. व्यवहारात हीच सोनोग्राफी. स्निग्ध अन्न आतड्यात उतरताच पित्ताशय आकुंचन पावून रिते होते, म्हणून तपासणीपूर्वी ६ ते ८ तास उपाशी राहण्याचा दंडक आहे. ‘नुसता दुधाचा चहा घेतला’ ही सबब येथे चालत नाही.

अहवालातील पुष्कळशी भाषा उजेड-सावलीची असते. खडा ध्वनी अडवतो, त्यामुळे त्याच्या पाठीमागे काळी छाया पडते, आणि रोग्याने कूस बदलली की तो बहुधा घरंगळतो. उलट पॉलिप, म्हणजे मांसांकुर, भिंतीला चिकटून राहतो व छाया टाकत नाही. तो १० मिमी. वा त्याहून मोठा असल्यास पित्ताशय काढण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो. भिंतीची जाडी ३ मिमी.पर्यंत प्राकृत मानतात. परंतु जाडी वाढली म्हणजे पित्ताशयाचा दाहच झाला असे नव्हे, कारण डेंग्यू, यकृताचे जुने विकार व हृदयाची दुर्बलता यांतही भिंत सुजते. पित्ताशयावर यंत्राचा दाब पडताच नेमकी तेथेच तीव्र वेदना होणे याला शिकागोचे शल्यविशारद जॉन मर्फी यांचे नाव मिळाले आहे. खड्यांसोबत हे चिन्ह आढळल्यास दाहाचा संशय बळावतो.

खडा दिसला एवढ्यावरून शस्त्रक्रियेची घाई करण्याचे सहसा प्रयोजन नसते. अनेकांचे खडे जन्मभर निमूट राहतात. पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये बर्लिन येथे केली. दुर्बिणीद्वारे ती करण्याचा भारतातील प्रारंभ १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेहेम्टन उडवाडिया यांनी केला.

मराठी घरांत एका शब्दाने बराच घोटाळा केला आहे. आपण ज्याला ‘पित्त झाले’ म्हणतो ती बहुधा जठरातील आम्लाची जळजळ असते, तिचा पित्ताशयाशी संबंध नसतो. तरीही जेवणानंतर उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या मध्यभागी उठून खवाट्यापर्यंत जाणारी कळसुद्धा याच नावाखाली मोरावळा व सोड्यावर काढली जाते. अशी कळ काही तासांत ओसरून पुनःपुन्हा येत असल्यास सवडीने का होईना, वैद्यकीय सल्ला घ्यावा. मात्र ती पाच-सहा तासांत न ओसरणे, हुडहुडी भरून ताप, डोळ्यांचा पिवळेपणा, गडद लघवी, मातकट फिकट शौच, न थांबणारी वांती, अथवा पाठीत आरपार जाणारी वेदना यांपैकी काहीही असल्यास त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. ताप, कावीळ व वेदना एकत्र येणे हे पित्तनलिकेतील जंतुदोषाचे लक्षण असू शकते व त्यात विलंब प्राणावर बेतू शकतो. वृद्ध व मधुमेही यांच्यात तर वेदना फसवी, सौम्य असते. छातीत दाब व घाम असल्यास हृदयाची तपासणी आधी. ‘दोष आढळला नाही’ असा अहवाल हाती असला तरी हयगय करू नये, कारण नलिकेच्या खालच्या टोकाचा खडा आतड्यातील वायूआड दडून या चित्रणातून निसटतो, आणि मग एमआरसीपीसारख्या चुंबकीय चित्रणाने तो शोधावा लागतो.