केरो: संगमावरचं गाव रिकामं का झालं?

आज आपण अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला जाणार आहोत. ओहायो नदी मिसिसिपीला मिळते तिथे, दोन पात्रांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवर हे गाव आहे. नाव इजिप्तच्या कैरोचं, पण तिथले लोक म्हणतात 'केरो'.

१८६१ साली यादवी युद्ध सुरू झालं आणि जनरल ग्रँटने इथे तळ ठोकला. दक्षिणेतल्या गुलामीतून सुटलेली कृष्णवर्णीय माणसं आसऱ्याला इथे आली आणि त्यांतली बरीच इथेच राहिली. पुढे आगबोटी आणि रेल्वे यांच्यावर गाव वाढलं. १९२० साली लोकसंख्या होती १५,२०३. २०२० साली किती? १,७३३.

आता याचं नेहमीचं उत्तर आपल्याला माहीत आहे: पूल झाले. १८८९ मध्ये ओहायोवर रेल्वेचा पूल झाला, नंतर मोटारींचे पूल झाले, १९७८ मध्ये महामार्गही गावाला वळसा घालून गेला. प्रवाशाला इथे थांबायचं कारणच उरलं नाही. हे खरं आहे, पण अर्धंच.

उरलेलं अर्धं गावाच्या आत बघायला हवं. १९०९ मध्ये इथे हजारोंच्या जमावाने विल जेम्स या कृष्णवर्णीय माणसाचा जीव घेतला. १९६० च्या दशकात पोहण्याचा तलाव सर्वांना खुला करा, अशी मागणी झाली, तेव्हा तो सर्वांसाठीच बंद केला गेला. १९६७ मध्ये रजेवर आलेला एक कृष्णवर्णीय सैनिक पोलिसांच्या कोठडीत मृतावस्थेत सापडला. ही आत्महत्या आहे, यावर त्याच्या लोकांचा विश्वास बसला नाही आणि गाव पेटलं. १९६९ पासून कृष्णवर्णीयांनी गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार टाकला. मागणी साधी होती: आमच्याकडून पैसे घेता, मग आम्हाला नोकरीही द्या. अनेक दुकानदारांनी दुकानं बंद केली, पण नोकऱ्या दिल्या नाहीत.

गोरी कुटुंबं निघून गेली, मग कामाच्या शोधात कृष्णवर्णीयही. आज जे उरलेत ते बहुसंख्य कृष्णवर्णीय आहेत. २०१७ मध्ये मोडकळीला आलेल्या दोन सरकारी वसाहती रिकाम्या करायचं ठरलं, आणि आणखी सुमारे चारशे माणसांना घर सोडावं लागलं.

म्हणून जनगणनेचा आकडा वाचताना आपण दोन प्रश्न विचारू या. व्यापार कुठे गेला, हा पहिला. आणि जे होतं ते वाटून घ्यायला कोण तयार नव्हतं, हा दुसरा. केरोच्या बाबतीत दुसऱ्याशिवाय पहिल्याचं उत्तर पुरं होत नाही.