भातुकलीतून निघालेली आगगाडी



एप्रिल-मे आला की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. मुले मोबाइल सोडत नाहीत, आणि सोडलाच तर घरभर पसारा करतात. पुठ्ठे, दोऱ्या, खोकी, डिंकाचे हात. त्या पसाऱ्यात एखादा मुलगा किंवा मुलगी रूळ, डबे, स्टेशन असे काही मांडत असेल, तर पुढचा लेख नक्की वाचा. आज मला छोट्या आगगाडीचा इतिहास सांगायचा आहे. हा विषय पुरुषांचा, असे सगळे धरून चालतात. पण त्याची सुरुवात स्वयंपाकघरातून झाली आहे, तीही एका बाईच्या कष्टाने.

जर्मनीत गॉपिंगेन नावाचे गाव आहे. तिथे १८५९ साली थिओडोर मार्कलिन या पत्रे-कारागिराने बाहुल्यांच्या स्वयंपाकघरातली भांडी बनवायला सुरुवात केली. पत्र्याची छोटी पातेली, शेगडी, झारे, म्हणजे आपली भातुकलीच. त्याची पत्नी कॅरोलिन हा माल घेऊन विकायला स्वतः बाहेर पडायची. दक्षिण जर्मनीत आणि पार स्वित्झर्लंडपर्यंत ती फिरली. त्या काळी बायकांनी असे फिरून धंदा करणे जवळजवळ कोणी पाहिलेले नव्हते. १८६६ मध्ये नवरा अचानक गेला. पदरात लहान मुले आणि एक छोटा कारखाना. कॅरोलिनने तो बंद पडू दिला नाही. पुढची वीसेक वर्षे तिने तो कसाबसा तग धरून ठेवला आणि १८८८ मध्ये मुलांच्या हाती दिला.

त्या मुलांनी १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत किल्लीवर चालणारी आगगाडी मांडली. खेळण्यातल्या गाड्या त्याआधीही होत्या. यात नवे होते ते रूळ. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे वळण घेणारे रूळ, तेही ठरलेल्या मापांचे, आणि मापांना क्रमांक. आज एक गाडी घ्या, पुढच्या वाढदिवसाला थोडे रूळ, त्याच्या पुढच्या वर्षी स्टेशन, मग फलाट, सिग्नल, हमाल, प्रवासी. हे सुचले कुठून? भातुकलीतून. आपणही मुलीला एकदम सगळा संच देत नाही. आधी पोळपाट-लाटणे येते, मग जाते, मग बंब. एकाच मापाची भांडी जमत जातात आणि संसार वाढतो. मार्कलिनच्या घराला हे बाहुल्यांच्या भांड्यांवरून पाठ होते. तोच हिशेब त्यांनी रुळांना लावला.

म्हणून मला वाटते, मुलीला भातुकली आणि मुलाला गाडी ही वाटणी नंतर बाजाराने केली. मुळात दोन्ही खेळणी एकाच कारखान्यातली, एकाच आईने जगवलेली.

पहिल्या गाड्या बऱ्याच मोठ्या होत्या. एक नंबरच्या मापाचे रूळ ४५ मिलिमीटर रुंद. त्या जमिनीवर मांडायच्या आणि रात्री केर काढायच्या आधी उचलून ठेवायच्या. रोज उचलायच्या गाडीला डोंगर, झाडे, गाव कुठून असणार? मग शून्य नंबर आला, ३२ मिलिमीटरचा. पुढे त्याच्याही निम्मे माप निघाले, साडेसोळा मिलिमीटर. त्याला 'एचओ' म्हणतात, म्हणजे शून्याच्या अर्धे. १९३५ मध्ये मार्कलिनने या मापाच्या गाड्या आणल्या, त्यांना 'टेबलावरची रेल्वे' म्हणत. गाडी जमिनीवरून टेबलावर आली आणि एक मोठी गोष्ट झाली. आता ती रोज उचलावी लागत नव्हती. फळीवर रूळ कायमचे ठोकता येऊ लागले, भोवती स्टेशन, फलाट, शेते, बोगदे उभे राहू लागले. या छंदातले सगळे देखावे जन्मले ते घरात एक कोपरा कायमचा मिळाला म्हणून. हा कोपरा कोण देते, ते तुम्ही-मी चांगले जाणतो.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. पुण्यात कोथरूडला संगम प्रेसच्या रस्त्यावर जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. भाऊ जोशी यांचा हा छंद. आधी त्यांनी फिरते प्रदर्शन केले. पण ज्याने कधी घर बदलले आहे त्याला कळेल, शेकडो नाजूक वस्तू सोडवायच्या, बांधायच्या, दुसरीकडे पुन्हा जोडायच्या म्हणजे काय हाल होतात. शेवटी त्यांनी ठरवले, याला कायमची जागा हवी. सौदामिनी इन्स्ट्रुमेंट्स या त्यांच्या व्यवसायाच्या जागेतच काही वर्षे खपून मांडणी उभी राहिली आणि १ एप्रिल १९९८ ला संग्रहालय लोकांसाठी उघडले. जर्मनीत हॅम्बुर्गला असेच जगप्रसिद्ध प्रदर्शन आहे, ते २००१ मध्ये उघडले. आपले पुण्याचे त्याच्या आधीचे, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगा.

पुण्यातल्या मांडणीत वाफेची, डिझेलची आणि विजेची इंजिने धावतात. सिग्नल बदलतात, फाटके लागतात, उड्डाणपुलावरून गाड्या जातात. सर्कस आहे, पोहण्याचा तलाव आहे. मधेच दिवे मंद होतात आणि गावात रात्र होते. खेळ जेमतेम अर्धा तास चालतो. भाऊ जोशी आज नाहीत, पण घरच्या माणसांनी हे जपले. पुण्यात कोणाकडे पाहुणचाराला गेलात, तर लग्नाच्या खरेदीतून एक तास काढा आणि मुलांना घेऊन जा.

तिथले माप आहे एकास सत्त्याऐंशी. म्हणजे खऱ्या वस्तूच्या ८७ व्या भागाएवढी प्रतिकृती. हे गणित मुलांबरोबर घरी बसून करण्यासारखे आहे. पाच फूट तीन इंचांची बाई या मापात साडेअठरा मिलिमीटरची होते, बोटाच्या एका पेरापेक्षाही लहान. आपला नेहमीचा निळा डबा साधारण २१.३ मीटर लांब, तो होतो साडेचोवीस सेंटीमीटर. रुळापासून फलाटाची उंची ७६ ते ८४ सेंटीमीटर, ती उरते नऊ-दहा मिलिमीटर. पण २४ डब्यांच्या गाडीचा फलाट ५४० मीटरच्या आसपास असतो. तो या मापात सव्वासहा मीटर, म्हणजे वीस फूट! एवढी खोली कोणाच्या घरात मोकळी असते? म्हणून छोट्या रेल्वेत गाडी पाच-सहा डब्यांची आणि फलाट दीड-पावणेदोन मीटरचा धरतात. मोजमाप खरे ठेवून पसारा आवरायचा, हे तर आपण रोजच करतो.

करायचेच असेल तर थोडे कामाचे सांगते. या मापाचे सगळ्यात लहान वळण साधारण ३६ सेंटीमीटर त्रिज्येचे असते. म्हणून फळीची रुंदी तीन फूट तरी हवी. ८ बाय ४ चा प्लायवुड अर्धा कापला तर सुरुवातीला पुरतो. गाडी १२ व्होल्टच्या प्रवाहावर चालते. तो रुळांतूनच जातो, त्यामुळे रूळ धूळमुक्त आणि कोरडे लागतात. फलाट जाड पुठ्ठ्याचा किंवा फोम शीटचा करावा. फलाट आणि डबा यांत किती फट ठेवायची, हे गाडी वळणावर फिरवून मगच ठरवावे, कारण वळणावर लांब डब्याचे पोट आत येते आणि टोके बाहेर जातात. फलाट आधी चिकटवून टाकला तर गाडी त्याला घासते. शक्यतो स्टेशन सरळ रुळावरच घ्यावे.

देखाव्याला बाजारात जायला नको. दिवाळीच्या किल्ल्याला हात लागलेल्या कोणत्याही मराठी घराला हे शिकवावे लागत नाही. वर्तमानपत्राचे बोळे, त्यावर खळीत भिजवलेले कागद, की झाला डोंगर. वापरलेली चहापत्ती धुऊन कडक उन्हात वाळवली की आपल्या भागातल्या काळ्या मातीसारखी दिसते. लाकडाचा भुसा हिरवा रंगवला की गवत. जुना स्पंज बारीक करून काडीवर चिकटवला की बाभूळ. रुळांखालची खडी म्हणून चाळलेली बारीक वाळू, वर पाणी घातलेला फेविकॉल थेंब-थेंब. वाळायला एक पूर्ण दिवस द्यायचा, घाई केली की खडी चाकांत जाते.

आता कोणी विचारेल, खेळण्याला एवढे महत्त्व कशाला? त्याला माझे उत्तर बार्शी लाइट रेल्वेचे आहे. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी ही छोट्या रुळांची गाडी सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने ती उभारली. रुळांची रुंदी फक्त अडीच फूट. पुढे ती एका बाजूने लातूर आणि दुसऱ्या बाजूने पंढरपूर, मिरजेपर्यंत गेली. आपल्या समाजातल्या किती तरी आज्या-पणज्या त्या भागात दिलेल्या. बार्शी, लातूर, पंढरपूर ही त्यांची सासरे, आणि माहेरी येण्याची वाट म्हणजे ती हळू चालणारी गाडी. नंतर टप्प्याटप्प्याने तिथे मोठे रूळ आले. सोय झाली, चांगलेच झाले. पण ती छोटी गाडी, तिचे बुटके फलाट आता त्या मार्गावर दिसत नाहीत. ज्या बायका त्यातून गेल्या त्याही एकेक करून चालल्या आहेत. अडीच फुटांचे रूळ ८७ व्या भागात पावणेनऊ मिलिमीटर होतात, आणि ९ मिलिमीटरचे तयार रूळ बाजारात मिळतात. म्हणजे एखाद्या नातीने मनावर घेतले, आजीला विचारून विचारून, तर आजीच्या माहेरची गाडी टेबलावर पुन्हा चालू शकते. आजीला डबा कसा होता, पाणी कुठे मिळायचे, उतरायला कोण यायचे, हे विचारावे लागेल. ते आज विचारले तरच कळेल. खरी निकड इथे आहे.

ज्यांना प्रत्यक्ष जाता येत नाही त्यांच्यासाठी लहान रूप करायचे, ही रीत आपल्याला परकी नाही. मंदिरमार्गी घरांत कार्तिकी पौर्णिमेला शत्रुंजयाचा पट बांधतात. पालीताण्याला न पोचलेली बाई त्या पटासमोर उभी राहून मनाने डोंगर चढते. आगगाडीची तुलना मी तीर्थाशी करत नाही. पण लहान रूपाने मोठी वाट मनात चालता येते, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

आपल्या तिसगावचेच पाहा ना. नगरवरून दौंड-मनमाड मार्ग गेला तो १८७८ च्या सुमारास. आपल्याला मात्र गाडी धरायची तर करंजी घाट ओलांडून नगर गाठावे लागते. नगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाची लोकांनी कितीतरी वर्षे वाट पाहिली. २३ सप्टेंबर २०२२ ला गाडी आष्टीपर्यंत आली, १७ सप्टेंबर २०२५ ला बीडला पोचली. आनंदच आहे, बीडकडच्या आपल्या बहिणींची सोय झाली. पण तो मार्ग नारायणडोह, कडा, आष्टी असा आपल्या दक्षिणेकडून जातो. तिसगावला स्टेशन नाही.

खऱ्या नकाशावर नाही. फळीवर कोण अडवणार? पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत 'तिसगाव' लिहा. खाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहितात, ती मुलांना शोधायला लावा. फलाटावर एक कडुलिंब, पिण्याच्या पाण्याची टाकी, बायकांना बसायला सावलीतला बाक. गाव कसे असावे, स्टेशन कुठे असावे, कोणाची सोय आधी पाहावी, याचा विचार मुले तिथूनच करू लागतात. आणि यात मुलींना मागे ठेवू नका. सोल्डरिंगची इस्तरी मोठ्यांच्या देखरेखीखाली त्यांच्याही हातात द्या.

उन्हाळ्याची आवराआवर करताना कोपऱ्यात अर्धवट पुठ्ठ्याचे स्टेशन दिसले, तर रद्दीत घालण्यापूर्वी एकदा कॅरोलिनची आठवण काढा. विचारा, "बाळा, अजून किती जागा लागेल?" आणि घरी वडीलधारी बाई असेल, तिने बार्शीच्या गाडीतून प्रवास केला असेल, तर आज संध्याकाळी चौविहाराआधी तिच्याजवळ वही घेऊन बसा.